स्पोर्टी हॅचबॅक मोटारींची प्रत्यक्ष इंधन कार्यक्षमता

स्पोर्टी हॅचबॅक मोटारींची प्रत्यक्ष इंधन कार्यक्षमता म्हणजे लहान आकाराच्या, परंतु तुलनेने शक्तिशाली इंजिन असलेल्या हॅचबॅक मोटारीने दैनंदिन वापरात एक लिटर इंधनावर कापलेले अंतर होय. बोलीभाषेत यास 'मायलेज' किंवा 'ॲव्हरेज' असे म्हटले जाते. उत्पादक कंपनी जाहीर करते तो आकडा प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. रस्त्यावर मिळणारा आकडा बहुधा त्याहून कमी असतो. ही तफावत सर्वच मोटारींत आढळते. स्पोर्टी हॅचबॅकमध्ये मात्र चालकाची पद्धत, रहदारी व इंजिनावरील भार यांनुसार ती विशेष बदलते, कारण अशा मोटारीच्या शक्तीचा अगदी लहान भागच चाचणीत वापरला जातो.

या तफावतीस आर्थिक व पर्यावरणीय महत्त्व आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी मोटार प्रतिलिटर १७ किलोमीटर धावल्यास सुमारे ७०६ लिटर पेट्रोल लागते. तीच मोटार १२ किलोमीटर धावल्यास १,००० लिटर लागते. म्हणजे खर्चात व कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे ४० टक्क्यांची वाढ होते.

## एकके आणि सरासरी

भारतात इंधन कार्यक्षमता किलोमीटर प्रतिलिटर या एककात सांगतात. युरोपातील बहुतेक देशांत १०० किलोमीटरला लागणारे लिटर, तर अमेरिकेत मैल प्रतिगॅलन हे एकक रूढ आहे. पहिल्या व तिसऱ्या एककात मोठा आकडा चांगला असतो, तर दुसऱ्यात लहान आकडा चांगला असतो.

किलोमीटर प्रतिलिटर हे एकक वापरताना दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली बाब अशी की, आकड्यातील समान वाढीने समान बचत होत नाही. कार्यक्षमता १० वरून १२ झाल्यास दर १०० किलोमीटरला १.६७ लिटर इंधन वाचते. ती १८ वरून २० झाल्यास केवळ ०.५६ लिटर वाचते. दुसरी बाब म्हणजे, दोन आकड्यांची साधी सरासरी काढता येत नाही. शहरात ५० किलोमीटर अंतर प्रतिलिटर १० या दराने आणि महामार्गावर ५० किलोमीटर अंतर प्रतिलिटर २० या दराने कापल्यास एकूण ७.५ लिटर इंधन लागते. म्हणून एकत्रित कार्यक्षमता १५ नसून १३.३ एवढी येते. गणितात या सरासरीस हरात्मक मध्य म्हणतात. यावरून शहरातील प्रवासाचा एकूण आकड्यावर होणारा परिणाम महामार्गावरील प्रवासापेक्षा अधिक असतो, हे स्पष्ट होते.

## पार्श्वभूमी

नेहमीच्या कौटुंबिक हॅचबॅकमध्ये अधिक शक्तीचे इंजिन बसवण्याची पद्धत युरोपात १९७०च्या दशकात लोकप्रिय झाली. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही मोटार १९७५ मध्ये फ्रँकफर्ट येथील वाहनप्रदर्शनात सादर झाली व १९७६ मध्ये विक्रीस आली. तिचे इंजिन १.६ लिटर क्षमतेचे व ११० पीएस शक्तीचे होते, तर वजन ८०० किलोग्रॅमपेक्षा थोडेच अधिक होते. १९८४ मध्ये आलेल्या प्यूजो २०५ जीटीआयने हा वर्ग आणखी रुजवला. पुढील दशकांत सुरक्षेची साधने, वातानुकूलन व मोठा आकार यांमुळे या मोटारींचे वजन वाढत गेले. आठव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयचे इंजिन सुरुवातीला २ लिटरचे व २४५ पीएस शक्तीचे होते, तर वजन १,४०० किलोग्रॅमहून अधिक होते.

भारतात या वर्गाचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी व १२०० घनसेंटिमीटरपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या मोटारींना कररचनेत सवलत असल्यामुळे येथील बहुतेक स्पोर्टी हॅचबॅकमध्ये १ ते १.२ लिटरचे टर्बोचार्जरयुक्त इंजिन आढळते. या वर्गाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. फोक्सवॅगन पोलो पुणे जिल्ह्यातील चाकण येथे, तर फियाट अबार्थ पुंतो त्याच जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होत असे. वाहनांच्या प्रमाणित चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय, ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्थादेखील पुण्यातच आहे. जाहिरातींत घोषित आकड्याला 'एआरएआय मायलेज' असेच म्हटले जाते.

## घोषित आकडा व त्यामागील चाचणी

### भारतीय चाचणी

घोषित आकडा रस्त्यावर मोजला जात नाही. मोटारीची चालक चाके चॅसिस डायनॅमोमीटर या यंत्राच्या रुळांवर ठेवली जातात आणि चालक पडद्यावर दिसणाऱ्या वेगाच्या आलेखानुसार मोटार चालवतो. हवेचा रोध व टायरचा रोध यांच्याएवढा भार यंत्र रुळांवर निर्माण करते. एक्झॉस्टमधील वायू गोळा करून त्यांतील कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांच्या प्रमाणावरून किती इंधन जळाले याचा हिशेब केला जातो.

भारतात वापरले जाणारे सुधारित भारतीय चालनचक्र हे जुन्या युरोपीय चक्रावर आधारित आहे. त्याचा कालावधी १,१८० सेकंद असून कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. यातील शहरी भागात मोटारीने शून्यापासून ताशी ५० किलोमीटर वेग २६ सेकंदांत गाठावयाचा असतो. चाचणीच्या वेळी वातानुकूलन यंत्र बंद असते, रस्त्याला चढउतार नसतो आणि तापमान नियंत्रित असते.

### इतर देशांतील चाचण्या

युरोपीय संघाने नव्या प्रकारच्या मोटारींसाठी सप्टेंबर २०१७ पासून व सर्व नव्या मोटारींसाठी सप्टेंबर २०१८ पासून डब्ल्यूएलटीपी ही चाचणीपद्धत लागू केली. तिचे चक्र १,८०० सेकंदांचे व सुमारे २३ किलोमीटरचे असून कमाल वेग ताशी १३१ किलोमीटर आहे. त्यातील वेगवाढ जुन्या चक्रापेक्षा अधिक तीव्र आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८च्या मॉडेल-वर्षापासून जास्त वेग, तीव्र वेगवाढ, वातानुकूलनाचा वापर व थंड हवामान यांचा परिणाम घोषित आकड्यात समाविष्ट केला. त्यामुळे अमेरिकी आकडे प्रत्यक्ष वापराच्या अधिक जवळ मानले जातात. उदाहरणार्थ, २०२२च्या गोल्फ जीटीआयच्या हस्तचलित गिअरच्या आवृत्तीस तेथे शहरात २४, महामार्गावर ३४ व एकत्रित २८ मैल प्रतिगॅलन असे मानांकन मिळाले. किलोमीटर प्रतिलिटर या एककात हे आकडे अनुक्रमे सुमारे १०.२, १४.५ व ११.९ असे होतात.

चाचणीपद्धती भिन्न असल्यामुळे एका देशातील घोषित आकड्याची दुसऱ्या देशातील आकड्याशी थेट तुलना करता येत नाही.

## तफावतीचे प्रमाण

इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने युरोपातील चालकांकडून मिळालेल्या माहितीचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००१ मध्ये नोंदल्या गेलेल्या मोटारींचे प्रत्यक्ष उत्सर्जन घोषित आकड्यापेक्षा सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी अधिक होते. २०१५ पर्यंत ही तफावत सुमारे ४२ टक्क्यांवर पोहोचली. चाचणीतील सवलतींचा उत्पादकांनी घेतलेला वाढता लाभ हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

नवी चाचणी लागू झाल्यावर ही तफावत कमी झाली, परंतु नाहीशी झाली नाही. युरोपीय संघात २०२१ पासून नव्या मोटारींमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक करण्यात आले. त्या नोंदींवर आधारित पहिला अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार पेट्रोल मोटारींचा प्रत्यक्ष वापर घोषित आकड्यापेक्षा सरासरी २३.७ टक्क्यांनी, तर डिझेल मोटारींचा १८.१ टक्क्यांनी अधिक होता.

## ऊर्जेचा हिशेब

मोटारीला लागणारे इंधन दोन गोष्टींवर ठरते: मोटार पुढे नेण्यास लागणारी ऊर्जा आणि इंधनातील ऊर्जेचा जो वाटा इंजिन चाकांपर्यंत पोहोचवते तो वाटा. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. आधुनिक पेट्रोल इंजिन अनुकूल भारावर यातील सुमारे ३५ टक्के ऊर्जेचे कार्यात रूपांतर करते. अत्यल्प भारावर मात्र हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली जाते, कारण अंतर्गत घर्षणात आणि अर्धवट बंद थ्रॉटल झडपेतून हवा ओढण्यात ऊर्जेचा मोठा भाग खर्च होतो.

चालकासह १,२०० किलोग्रॅम वजनाच्या एका नमुना हॅचबॅकला सपाट रस्त्यावर स्थिर वेगासाठी लागणारी शक्ती खालीलप्रमाणे येते. यात हवारोधाचा गुणांक ०.३२, समोरील क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर व टायररोधाचा गुणांक ०.०११ धरला आहे.

| वेग (कि.मी./तास) | टायरचा रोध (न्यूटन) | हवेचा रोध (न्यूटन) | लागणारी शक्ती (किलोवॅट) |
|---|---|---|---|
| ५० | १३० | ७८ | २.९ |
| ८० | १३० | १९८ | ७.३ |
| १०० | १३० | ३१० | १२.२ |
| १२० | १३० | ४४७ | १९.२ |

१०५ पीएस शक्तीचे इंजिन कमाल ७७ किलोवॅट शक्ती देते. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाने जातानाही त्याच्या शक्तीचा सहावा भागच वापरला जातो. २६ सेकंदांत ताशी ५० किलोमीटर वेग गाठण्यासाठीही वरील मोटारीस अखेरच्या क्षणी ढोबळमानाने १२ किलोवॅट एवढीच शक्ती पुरते. तोच वेग पाच सेकंदांत गाठणाऱ्या चालकास सुमारे ५० किलोवॅट शक्ती लागते. अधिक शक्तीच्या मोटारीचा घोषित आकडा साध्या मोटारीच्या जवळपास का असतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. चाचणीत दोन्ही मोटारी जवळजवळ सारखेच काम करतात. रस्त्यावर मात्र अधिक शक्ती उपलब्ध असल्याने तिचा वापर होण्याची शक्यताही अधिक असते.

### शहरातील प्रवास

शहरात १० किलोमीटर अंतर अर्ध्या तासात कापले, प्रत्येक किलोमीटरला दोनदा ताशी ४० किलोमीटर वेगावरून ब्रेक लावून थांबावे लागले आणि वातानुकूलन यंत्राने इंजिनाची सरासरी १ किलोवॅट शक्ती घेतली, असे मानल्यास एका किलोमीटरचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो:

* टायरचा रोध: सुमारे १३० किलोज्यूल
* हवेचा रोध: सुमारे ३८ किलोज्यूल
* थांबून पुन्हा वेग घेणे: सुमारे १४८ किलोज्यूल
* वातानुकूलन: १८० किलोज्यूल

एकूण ४९६ किलोज्यूल ऊर्जा २० टक्के कार्यक्षमतेने मिळवण्यास १० किलोमीटरला ०.७८ लिटर पेट्रोल लागते. सिग्नलवर मिळून नऊ मिनिटे इंजिन उभ्या मोटारीत चालू राहिल्यास त्यात सुमारे ०.१ लिटरची भर पडते. परिणामी प्रतिलिटर ११ किलोमीटरच्या आसपास कार्यक्षमता मिळते. वातानुकूलन बंद ठेवल्यास हाच आकडा १५ ते १७ पर्यंत जाऊ शकतो.

### महामार्गावरील प्रवास

ताशी १०० किलोमीटर या स्थिर वेगाने जाताना टायर व हवा यांचा रोध मिळून एका किलोमीटरला ४४० किलोज्यूल ऊर्जा लागते. वातानुकूलनाचा वाटा केवळ ३६ किलोज्यूल असतो, कारण एक किलोमीटर कापण्यास कमी वेळ लागतो. एकूण ४७६ किलोज्यूल ही ऊर्जा शहरातील ४९६ किलोज्यूलहून फारशी कमी नाही. मात्र भार अधिक व स्थिर असल्याने इंजिनाची कार्यक्षमता वाढते. ती २६ टक्के धरल्यास प्रतिलिटर सुमारे १७.५ किलोमीटर मिळतात. महामार्गावरील चांगल्या आकड्याचे श्रेय अशा रीतीने कमी श्रमापेक्षा इंजिनाच्या अनुकूल वापरास अधिक जाते.

## टर्बोचार्जरयुक्त लहान इंजिन

टर्बोचार्जर एक्झॉस्ट वायूंच्या ऊर्जेवर फिरून सिलिंडरमध्ये अधिक दाबाने हवा भरतो. त्यामुळे एक लिटरच्या इंजिनाला मोठ्या इंजिनाएवढी शक्ती मिळते. शांतपणे चालवताना असे इंजिन लहान इंजिनासारखे वागते व कमी इंधन घेते, आणि गरज पडल्यास मोठ्या इंजिनाची शक्ती देते.

या रचनेस मर्यादाही आहेत. जास्त दाबामुळे इंधन अकाली पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका वाढतो. तो टाळण्यासाठी संपीडन गुणोत्तर कमी ठेवले जाते. तीव्र भाराखाली नियंत्रक संगणक ठिणगी उशिरा पाडतो, ज्यामुळे कार्यक्षमता घटते. दीर्घकाळ पूर्ण शक्ती वापरल्यास एक्झॉस्टचे तापमान वाढते. टर्बोचार्जर व उत्प्रेरक परिवर्तक यांच्या संरक्षणासाठी अनेक इंजिनांत अशा वेळी गरजेपेक्षा अधिक इंधन सोडले जाते. त्यातील काही इंधन केवळ थंडावा देण्याचे काम करते. म्हणूनच सारख्याच शक्तीच्या साध्या श्वसनाच्या मोठ्या इंजिनाच्या तुलनेत टर्बो इंजिनाच्या प्रत्यक्ष कार्यक्षमतेचा पल्ला अधिक रुंद असतो. तीच मोटार एका चालकाच्या हाती समाधानकारक आकडा देते, तर दुसऱ्याच्या हाती निराशाजनक ठरते.

## गिअरपेटीचा प्रभाव

गिअर जितका वरचा, तितके त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी व प्रत्येक फेऱ्यावरील भार अधिक असतो. त्यामुळे घर्षण व थ्रॉटलमधील हानी घटते. स्वयंचलित गिअरपेटीच्या 'स्पोर्ट' स्थितीत गिअर उशिरा बदलले जातात. त्यातून प्रतिसाद तत्पर होतो, परंतु इंधन अधिक लागते.

गिअरपेटीच्या प्रकारानेही आकडा बदलतो. २०२०च्या भारतीय पोलोतील १ लिटर टर्बो इंजिनासाठी हस्तचलित गिअरपेटीसह १८.२४ व टॉर्क कन्व्हर्टर प्रकारच्या स्वयंचलित गिअरपेटीसह १६.४७ किलोमीटर प्रतिलिटर असे आकडे घोषित झाले. हा फरक सुमारे १० टक्क्यांचा आहे. याउलट २०२१च्या ह्युंडाई आय२० एन लाइनमध्ये दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीचा घोषित आकडा २०.२५, तर क्लच पेडल नसलेल्या हस्तचलित गिअरपेटीचा २० होता. त्यामुळे स्वयंचलित मोटारीला नेहमीच अधिक इंधन लागते, हा समज सरसकट खरा नाही.

## दैनंदिन वापरातील इतर घटक

### थांबे व वेगवाढ

१,२०० किलोग्रॅमच्या मोटारीत ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक लावून थांबल्यावर ती उष्णतेत जाते. ती पुन्हा मिळवण्यास २५ टक्के कार्यक्षमतेने सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल लागते. असे पन्नास थांबे म्हणजे साधारण एक लिटर पेट्रोल होय.

वेगवाढ जलद केली की इंधनाची नासाडी होतेच, असे मात्र नाही. मध्यम भारावर इंजिन अधिक कार्यक्षम असते. नासाडी होते ती अतितीव्र वेगवाढीनंतर लगेच ब्रेक लावावा लागल्यास, तसेच इंजिन पूर्ण भारावर व जास्त फेऱ्यांवर नेल्यास. पुढील रहदारी पाहून आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढणे हा म्हणूनच सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. गिअरमध्ये असताना असे केल्यास आधुनिक इंजिनाचा इंधनपुरवठा पूर्णपणे थांबतो. मोटार न्यूट्रलमध्ये सोडल्यास मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन लागतच राहते, शिवाय उतारावर इंजिनाचा रोधही मिळत नाही.

### लहान फेऱ्या

थंड इंजिनात वंगण दाट असते, घर्षण अधिक असते व सुरुवातीला जास्त इंधन सोडावे लागते. घरापासून दोन-तीन किलोमीटर अंतरावरील कामासाठी होणाऱ्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापण्यापूर्वीच प्रवास संपतो. अशा वापरातील आकडा सलग प्रवासापेक्षा बराच कमी येतो.

### टायर

स्पोर्टी हॅचबॅकला बहुधा रुंद टायर व मोठी चाके असतात. रस्त्यावरील पकड वाढवणाऱ्या रबराचा रोधही बहुतेक वेळा अधिक असतो, तर मोठ्या चाकाच्या वजनाने वेगवाढीस लागणारी ऊर्जा वाढते. हवेचा दाब कमी असल्यास टायर अधिक दबतो व रोध आणखी वाढतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यास अंतरमापकाचे मोजमापही चुकते.

### घाट व चढ

चढावर मोटारीला स्थितिज ऊर्जा मिळवावी लागते. मुंबई समुद्रसपाटीजवळ, तर पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. वरील नमुना मोटार ५५० मीटर उंच नेण्यास ३० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ०.६७ लिटर पेट्रोल लागते. सुमारे १५० किलोमीटरच्या या प्रवासास १० लिटर पेट्रोल लागते असे धरल्यास हा भाग सहा ते सात टक्के होतो. परतीच्या प्रवासात यातील काही भाग वसूल होतो, परंतु घाट उतरताना ब्रेकमध्ये गेलेली ऊर्जा परत मिळत नाही. त्यामुळे केवळ मुंबईहून पुण्याला किंवा केवळ पुण्याहून मुंबईला जातानाचा आकडा मोटारीची खरी कार्यक्षमता दाखवत नाही. त्यासाठी दोन्ही दिशांचा प्रवास मोजावा लागतो.

### इंधनातील इथेनॉल

एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यानुसार, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. १० टक्क्यांसाठी रचलेल्या व २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के असू शकते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उच्च असल्याने नॉकिंगला आळा बसतो. त्याचा लाभ घेण्यासाठी रचलेले टर्बो इंजिन घटीचा काही भाग भरून काढू शकते.

## मोजमापाच्या पद्धती

सर्वांत रूढ पद्धत 'टाकी ते टाकी' ही आहे. टाकी पूर्ण भरून अंतराची नोंद केली जाते, ठरावीक प्रवासानंतर टाकी पुन्हा पूर्ण भरली जाते आणि कापलेले अंतर दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागले जाते. पंपाचे नोझल आपोआप बंद होण्याची पातळी दर वेळी थोडी वेगळी असते. त्यामुळे एकाच टाकीवरून काढलेल्या आकड्यात लक्षणीय चूक राहू शकते. शक्यतो त्याच पंपावर, त्याच पातळीपर्यंत भरून अनेक टाक्यांचे एकूण अंतर व एकूण इंधन यांवरून काढलेला आकडा अधिक विश्वसनीय असतो.

मोटारीच्या पटलावरील संगणक इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून इंधनाचा अंदाज करतो. निरनिराळ्या प्रवासांची परस्पर तुलना करण्यास तो उपयुक्त असला, तरी प्रत्यक्ष भरलेल्या इंधनाशी त्याचा आकडा पूर्णपणे जुळतोच असे नाही. थोड्या अंतराच्या सपाट व मोकळ्या रस्त्यावर दिसलेला उच्चांक ही मोटारीची सरासरी कार्यक्षमता नव्हे.

## भारतातील काही मोटारींचे घोषित आकडे

| मोटार | भारतात सादर | इंजिन | शक्ती (पीएस) | घोषित कार्यक्षमता (कि.मी./लिटर) |
|---|---|---|---|---|
| फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय | २०१३ | १.२ लिटर टर्बो | १०५ | १७.२ |
| फियाट अबार्थ पुंतो | २०१५ | १.४ लिटर टर्बो | १४५ | १६.३ |
| मारुती सुझुकी बलेनो आरएस | २०१७ | १ लिटर टर्बो | १०२ | २१.१ |
| फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (हस्तचलित) | २०२० | १ लिटर टर्बो | ११० | १८.२४ |
| ह्युंडाई आय२० एन लाइन (दुहेरी क्लच) | २०२१ | १ लिटर टर्बो | १२० | २०.२५ |

यांपैकी बलेनो आरएसचे उदाहरण बोलके आहे. त्याच काळातील साध्या बलेनोचे १.२ लिटरचे इंजिन ८४ पीएस शक्तीचे होते व तिचा घोषित आकडा २१.४ होता. म्हणजे १८ पीएस अधिक शक्ती व सुमारे ६० किलोग्रॅम अधिक वजन असूनही चाचणीतील फरक प्रतिलिटर ०.३ किलोमीटर एवढाच आला. अधिक शक्तीचा इंधनखर्च शून्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. चाचणीत ती शक्ती वापरलीच गेली नाही, एवढेच या आकड्यावरून समजते.

## नियमन आणि घोषित आकड्याचा उपयोग

भारतात १ एप्रिल २०१७ पासून प्रवासी मोटारींच्या उत्पादकांसाठी सरासरी इंधनवापराचे निकष लागू झाले. त्यांनुसार उत्पादकाने विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनासाठी प्रतिकिलोमीटर १३० ग्रॅमच्या आसपास लक्ष्य ठरवण्यात आले. २०२२-२३ पासून ते ११३ ग्रॅमवर आणण्यात आले. प्रत्येक उत्पादकाचे नेमके लक्ष्य त्याच्या मोटारींच्या सरासरी वजनानुसार बदलते. हे पालन चाचणीतील आकड्यांवरून तपासले जात असल्याने, चाचणीत कमी इंधन घेणारी लहान टर्बो इंजिने उत्पादकांना सोयीची ठरतात. परंतु वातावरणात जाणारा कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष जळालेल्या इंधनावर ठरतो. चाचणी व प्रत्यक्ष वापर यांतील अंतर वाढल्यास निकषांचा पर्यावरणीय लाभ त्या प्रमाणात घटतो.

ग्राहकाच्या दृष्टीने घोषित आकडा एकाच चाचणीतून गेलेल्या मोटारींची तुलना करण्यास उपयुक्त आहे. आपल्या हाती किती कार्यक्षमता मिळेल, याचे भाकीत मात्र तो करू शकत नाही. त्यासाठी शहर व महामार्ग यांतील प्रवासाचे प्रमाण, सरासरी वेग, वातानुकूलनाचा वापर व फेऱ्यांची लांबी यांचा विचार करावा लागतो. गर्दीच्या शहरात रोज मंद गतीने जाणाऱ्या वाहनाच्या बाबतीत हे घटक इंजिनाच्या कमाल शक्तीपेक्षा अधिक निर्णायक ठरतात.